गवारीच्या ताटापलीकडची कुंदाताई

कुंदाताई गेल्याचं सांगायला तिच्या सुनेचा फोन आला. ती बिचारी "मावशी, ऐका ना..." म्हणतेय आणि मी आपली नळाला पाणी नसल्याचं रडगाणं गातेय! शेवटी पोरीला रडू फुटलं, तेव्हा कुठे मी गप्प झाले. भाईंदरला आम्ही दोघींनी मिळून पाळणाघर चालवलं. मुलं दोघींची, पालक मात्र तिचे. माझ्या वाट्याला आले की भांडण ठरलेलं.

तिची एक पद्धत होती. संध्याकाळी कुणी चिडून आलं की त्याच्यापुढे गवारीचं ताट सरकवायचं. "मोडता मोडता बोला." मी वैतागायचे, "अगं, फी देऊन वर भाजीही निवडायची का लोकांनी?" पण टाय लावलेले साहेबसुद्धा मुकाट शेंगा मोडायचे. तक्रारी फार असल्या की हिच्या घरी स्वयंपाक लवकर!

एकदा ओंकारची आई, सावंतबाई, तणतणत आली. "पोरगं वाळत चाललंय. तुम्ही भरवतच नाही. उद्यापासून नाही पाठवत, मी नोकरीच सोडतेय!" ओंकार तर लाडवासारखा गोल. मी तोंड उघडलं, तोच कुंदाताईने असा चिमटा काढला की बाई गं! ती स्वतः फक्त "हं... मग?" एवढंच म्हणत राहिली. जेवणावरून सासू, सासूवरून ऑफिस... अर्धं ताट संपलं आणि सावंतबाईचे हात थांबले. "काल तो पडला. मी उचलायला धावले, तर म्हणतो, तू नको, पाळणाघरातली आई पाहिजे."

आता आमची कुंदाताई म्हणजे केस काळे करणारी, 'आंटी' म्हटलं म्हणून रिक्षातून उतरलेली बाई. तिने ओंकारला जवळ घेतलं. "ए सोन्या, मी तुझी आजी. आई ती बघ, तुला न्यायला आलीय." दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्याच पोरांची आजी झाली. सावंतबाई अजून नोकरीवर जातेय.

आता पाळणाघरात मी एकटीच. पालक समोर बसले की जीभ नुसती वळवळते. परवा मात्र एक आई बोलत होती आणि मी अवाक्षर काढलं नाही. ती घाबरलीच.

"काकू, रागावलात का?"

कुंदाताईची फार आठवण आली.

"नाही गं," मी म्हटलं. "तू बोल."