कोरी सायकल

तरुणपणी मी बर्डीवरच्या बाजारात एका सायकलच्या दुकानात मेकॅनिक होतो. पेट्यांतून सुटे भाग यायचे, ते आम्ही जोडायचो. पण माझं जीव की प्राण असलेलं काम वेगळंच होतं. नवी सायकल सेमिनरी हिलच्या टेकडीवर न्यायची आणि तिथल्या खडीच्या वाटेनं सुसाट खाली सोडायची. नव्या सायकलचे नट दुकानात कितीही आवळा, पहिल्या उतारावर ते ढिले पडतातच. खाली पोचलो की मी सगळे पुन्हा आवळायचो. कधीकधी हँडल सोडूनही उतरायचो. आपल्यासारखा दुसरा कोणी नाही, असा माज होता मला.

पंचाईत एकच होती. गिऱ्हाइकाला सायकल कोरी हवी असे. घरी नेऊन तिची पूजा व्हायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, मग घरच्या माणसानं पहिल्यांदा बसायचं. त्याआधी परक्यानं चालवलेली कोणाला खपत नसे. आम्ही त्यावर सोपा तोडगा काढला होता. उतारावरून आलं की ओल्या फडक्यानं टायर पुसायचे आणि कोणी विचारलंच तर बिनदिक्कत सांगायचं, "कोणी बसलं नाही." हे सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

एकदा बेसा गावचा एक शेतकरी आला. त्याच्या मुलीला शहरात शिक्षिकेच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळाला होता. तिची लेडीज सायकल मी जोडत होतो, तोवर तो समोर स्टुलावर बसून होता. मधेच म्हणाला, "माह्या पोरीच्या आधी कोनी बसू नोका गा. आजवर तिले सारं भावाचं जुनंच भेटलं. हे तरी नवं भेटू द्या."

मला गलबलून आलं. या माणसाशी खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. "नाही बसणार कोणी," मी म्हणालो आणि खरंच बसलो नाही. नट उभ्या उभ्या दोनदा आवळले आणि सायकल त्याच्या हाती दिली. त्या संध्याकाळी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. मूर्ख!

दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. सायकल ओढतच आणली होती, पुढचं चाक वाकलेलं. मुलीला टेकडीपलीकडच्या शाळेत पहिला पाठ घ्यायला पाठवलं होतं. येताना त्याच खडीच्या उतारावर नट ढिला पडून ब्रेकची दांडी सुटली आणि ती दगडांवर आपटली. गुडघा कायमचा आखडला. ट्रेनिंग सुटलं.

"नीट करून द्या," तो म्हणाला. "आता पोरगा चालवन."

मी चाक काढायला घेतलं. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कसाबसा म्हणालो, "माझं चुकलं, भाऊ."

"तुमचं काहून चुकन गा? तुमी तं शब्द पाळला. पोरगीच म्हंते, सायकल चांगली होती, मलेच चालवता नाही आली."

तिचं काही चुकलं नव्हतं. बाकी प्रत्येक सायकल मी आधी त्याच उतारावर चालवून, खोटं बोलून विकत होतो, फक्त तिचीच न चालवता दिली होती. एवढं एक वाक्य त्याच्याबरोबर घरी पाठवायचं होतं. मी चाक सरळ करून दिलं आणि गप्प बसलो.