क्यू धरणारा हात आणि पत्रा धरणारा हात

"खेळता येतं ना? मग हात बरा झाला," कंपनीचा एचआर मॅनेजर खुर्चीत रेलून म्हणाला आणि माझं टाळकंच सरकलं.

मी पूलचा, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल मारायच्या खेळाचा, कोच. मूळचा दौंडचा. तिथं रेल्वे कॉलनीतल्या क्लबात मार्कर होतो, म्हणजे गुण मोजायचे, टेबल झाडायचं आणि साहेब लोकांना खेळ शिकवायचा. दोन हजार सालानंतर शिरूरच्या बाजूला कारखाने वाढले. त्यातल्या एका कंपनीनं कामगारांसाठी रिक्रिएशन हॉल काढला, पूलचं टेबल आणलं आणि शिकवायला मला बोलावलं. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचो.

पोरं शेतकऱ्यांची. क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात आली की टिकाव धरावा तशी आवळायची. मूठ आवळली की मनगट वळतं. मनगट वळलं की काठीचं टोक ऐन वेळी बाजूला जातं आणि बॉल भलतीकडेच. मी कानीकपाळी ओरडायचो, अरे बाबांनो, रिकाम्या किटलीची कडी बोटांत अडकवता ना, तशी क्यू मागच्या हातात लोंबू द्या. अंगठा आणि त्याच्या पुढची दोन बोटं पुरे. उरलेली दोन नुसती टेकलेली. कोपर जागेवर, खालचा हात झोपाळ्यासारखा पुढंमागं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

केंदूरच्या सोपानला मात्र हे सांगावंच लागलं नाही. तो प्रेस शॉपमध्ये होता. तिथं मोठ्या मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात. त्यात त्याच्या उजव्या हाताच्या नसा कापल्या, शेवटची दोन बोटं वळायचीच बंद झाली. डॉक्टरांनी सांगितल्यावर कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये लाइट ड्यूटी, म्हणजे हलकं काम, दिली. त्याची मूठ आवळणारच नाही, त्यामुळं स्ट्रोक सुतासारखा सरळ. डिपार्टमेंटच्या मॅचेसमध्ये गडी पहिला आला. मॅनेजरनंच कप दिला, टाळ्या वाजवल्या आणि पुढच्याच सोमवारी त्याला परत प्रेसवर जायला सांगितलं.

सोपान हॉलमध्ये येऊन बाकावर बसला. म्हणाला, "सर, पत्रा हातात ठरत न्हाई वो. निसटला तर दुसरा हात बी जाईल. आन् न्हाई म्हणलो तर घरी बसवतील."

तसाच उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो, तिथं ते वरचं वाक्य ऐकलं. मी समजावलं की हा खेळ जोर लावायचा नाही, जोर न लावायचा आहे. त्यानं हसण्यावारी नेलं. कोचनं कोचिंग करावं म्हणाला. एक माणूस घटकाभर खेळतो, तर त्याचाही पुरावा करता? लाज कशी वाटत नाही? असं अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. मी बोललो असतो तर भोगलं सोपाननं असतं.

जेवणाच्या सुट्टीत प्लांट हेड, म्हणजे कारखान्याचे मुख्य, हॉलमध्ये खेळायला यायचे आणि त्यांच्या मागोमाग मॅनेजरही. त्यांच्यासमोर मी मॅनेजरला म्हटलं, साहेब, जरा सोपानसारखं धरून बघा. शेवटची दोन बोटं ताठ ठेवून त्यानं स्ट्रोक मारला. बॉल सरळ पॉकेटात. स्वारी खूश. मग मी प्रेस शॉपमधून मागून आणलेला, कडा घासलेला पत्रा तशाच बोटांत दिला. पत्र्याला तेल होतं. तो सुळकन निसटला आणि झेलायला मॅनेजर साहेबांनी दुसरा हात खाली घातला.

"आत्ता वर प्रेस असता तर, साहेब?" मी विचारलं.

प्लांट हेडनी तिथंच सांगितलं की सोपान स्टोअरमध्येच राहील.

पण मॅनेजर कसला गप्प बसतोय! चार दिवसांत नोटीस लावली, लाइट ड्यूटीवाल्यांना खेळायला बंदी. मेल्यानं सूड उगवला. मी पुन्हा भांडायला निघालो तर सोपाननंच हात धरला.

"ऱ्हाऊ द्या सर. आठ बोटं चालू हायती. तेवढी ऱ्हायली तरी लय झालं."

अजून त्या माणसाचं नाव काढलं की माझं रक्त खवळतं. नव्या कंपनीत शिकवायला गेलो की आधी विचारतो, लाइट ड्यूटीवर कोण आहे? त्याला सगळं शिकवतो, अगदी मनापासून. आणि मॅच आली की बाजूला घेऊन सांगतो, बाबा, जिंकू नकोस.