जनावरांच्या दवाखान्यातले दत्ताजी

दत्ताजी तंजावरकडचे मराठी; तमिळ मुलखातल्या आवडी गावी, आमच्या जनावरांच्या दवाखान्यात एकवीस वर्षं कंपाउंडर. सहा वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून तिथं डॉक्टर म्हणून आले, तेव्हा मला तमिळचा गंधही नव्हता. पहिल्याच आठवड्यात एका शेळीवाल्या बाईनं ‘तोंडै’ म्हटलं आणि मी शेळीचं तोंड उघडून बसले. दत्ताजी हळूच म्हणाले, “डॉक्टरम्मा, तोंडै म्हणजे घसा. तोंडाला इथं वाय म्हणतात.” पोट तमिळमध्ये वयिरु, तेलुगूत पोट्ट, हेही त्यांनीच शिकवलं. जनावराच्या मालकाचं म्हणणं ते मला मराठीत सांगत, मी इलाज करी.

यंदा त्यांच्याच घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तरी रोज साडेआठला हजर, खिशात वही. ते लिहून दाखवेपर्यंत इकडे जनावर उधळायचं. मी मुळात तापट; वैतागले. दवाखान्याच्या मालकांनी फोनवर विचारलं, त्यांच्या जागी तमिळ-तेलुगू बोलणारी एक मुलगी ठेवू का. पाठवा, म्हणून मी मोकळी झाले. दत्ताजींच्या घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं, हे ठाऊक असून.

दुसऱ्या दिवशी सुब्बा नावाचा एक तेलुगू शेतकरी गाय घेऊन आला. तिचं पोट टम्म फुगलेलं, तोंडातून लाळ गळत होती. ‘पोट्ट, पोट्ट’ म्हणत तो रडकुंडीला आला होता. एवढं तेलुगू मलाही कळत होतं. पोटातला वारा काढायला मी मोठी सुई उचलली, तर दत्ताजींनी माझं मनगट धरलं आणि माझी बोटं गाईच्या मानेवर नेऊन दाबली. आत काहीतरी टणक अडकलं होतं.

ती आंब्याची कोय निघाली. दत्ताजींनी बाहेरून वर सरकवली, मी तोंडात हात घालून काढली. गाईनं ढेकर दिला आणि पोट उतरू लागलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा वर्षांत जनावरांच्या किती मालकांनी पोट म्हटलं असेल आणि दत्ताजींनी मला घसा सांगितला असेल! मी विचारलं, “दत्ताजी, तुम्ही मला मालकांचंच म्हणणं सांगत होतात ना?”

त्यांनी ओशाळून वहीत लिहिलं, ‘गाईचं.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच दवाखान्याच्या मालकांना फोन लावून मी सांगितलं की मुलगी नको, दत्ताजीच राहतील. कोणती मुलगी, असं दत्ताजींनी विचारलं नाही. माझा कालचा फोनही त्यांनी शेजारी उभं राहूनच ऐकला होता.