रुसवेवाडीची शेवंतीकाकी

सुनीलचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या बाजारात भाजी घेत होतो. "आई गेली रे," तो म्हणाला, आणि लगेच, माझीच समजूत काढायला हवी अशा सुरात, "त्रास नाय झाला. पडवीत ओले काजू सोलत बसली होती, तिथंच मान टाकली." शेवंतीकाकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. वय झालं होतं, पण हातपाय चालते होते, कुणाच्या मिंध्यात नव्हती. असं मरण मागून मिळत नाही. तरीही आरे-वारेच्या रस्त्याने जयगडला आणि तिथून फेरीबोटीने पलीकडे जाताना डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते. समुद्र नेहमीइतकाच सुंदर होता आणि मला त्याचाही राग येत होता.

गुहागरहून हेदवीकडे जाताना मध्येच आत वळलं की आमचं गाव लागतं. लागतं म्हणजे काय, एक वाडी या अंगाला, दुसरी डोंगराच्या कुशीत, तिसरी पार वर, कातळाच्या सड्यावर. वाड्यांना नावं द्यायला कुणी समिती नेमली नव्हती. उंबर होता तिथे उंबरवाडी झाली, तळं होतं तिथे तळेवाडी. तळं बुजलं, उंबर पडला, नावं मात्र राहिली. आमची वहाळापलीकडची वाडी तेवढी झाडापाण्यावरून नाही, माणसाच्या स्वभावावरून ओळखली जाते... रुसवेवाडी. आमच्या कुणा पूर्वजाला शिमग्यात मानाचा नारळ मिळाला नाही. गडी रुसला, बायको-पोरं आणि मडकी घेऊन वहाळ ओलांडला आणि पलीकडे झोपडी बांधून राहिला. गावातली मोठी माणसं समजूत काढायला गेली, हा बधेना. शेवटी गावाने देवीची पालखीच खांद्यावर घेऊन पाण्यातून पलीकडे नेली. तेव्हा कुठे स्वारीने दार उघडलं. पण परत काही गेला नाही. एवढा मान सोडून कोण जाईल?

तेव्हापासून रिवाज असा की शिमग्यात पालखी वाडीत आली की आम्ही सगळ्यांनी थोरल्या घरात दार लावून बसायचं. बाहेरून मानकऱ्यांनी तीनदा हाक द्यायची, "रुसवा सोडा, बाहेर या." तिसऱ्या हाकेला घरातल्या सुनेने कडी काढायची. काकी लग्न होऊन आली ती पालशेतकडून, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच शिमग्यात अंगणात ढोल वाजला तशी ही आनंदाने आरतीचं ताट घेऊन धावली आणि पहिली हाक पुरी व्हायच्या आत दार सताड उघडून उभी! आत सासरे कपाळाला हात लावून बसले. बाहेर मानकऱ्यांना पुढे काय म्हणावं ते सुचेना, कारण समजूत काढायला समोर रुसलेलं कुणी नव्हतंच. मग पालखी चार पावलं मागे नेली, काकीला आत घेतली, दार पुन्हा लावलं आणि सगळं पहिल्यापासून झालं. "मना रुसायला शिकवायला अख्खा गाव लागला," असं काकी सांगायची आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायची. खरं सांगायचं तर तिला ते शेवटपर्यंत जमलं नाही. काका महिनोन्‌महिने मुंबईत असायचे, शेती-गुरं सगळं हिच्या एकटीवर, पण धुसफूस म्हणून कधी ऐकली नाही.

एकदाच तिला मी हट्टाला पेटलेली पाहिली. मुंबईतल्या आमच्या वाडीच्या मंडळाने नाव बदलायचं मनावर घेतलं होतं. रुसवेवाडीचं आनंदनगर करायचं, तसा ठराव ग्रामसभेत मांडायचा. पुढाकार सुनीलचाच. शिमग्याला सगळे गावी आलेले, अंगणात बैठक बसली.

"आई, आमाला लोक हसतात," सुनील म्हणाला. "आज कोणावर रुसलात, म्हणून विचारतात."

"हसूदेत की. आनंदनगर केलात तर पालखी कोनाची समजूत काढायला येईल? जी मानसं आनंदातच हायत, त्यांच्या दारात देवी वाट वाकडी करून कशाला येईल रे?"

सुनील ताडकन उठला आणि तरातरा जाऊन वहाळावरच्या साकवावर पाठ करून बसला. काकी सगळ्यांकडे बघून म्हणाली, "घ्या! नाव बदलाल, पन ह्याचं काय कराल?" अंगणभर हशा पिकला. मग ती आत गेली, ताटात वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं वाढून घेतलं आणि साकवापाशी जाऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "रुसवा सोडा, बाहेर या." पहिल्या दोन हाकांना त्याने मान वळवली नाही. तिसऱ्या हाकेला त्याचे खांदे हलायला लागले. त्याने ताट घेतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "मीठ जास्त झालंय." ठराव तिथेच बारगळला. पुढे निवृत्त होऊन सुनील कायमचा गावी आला, तेव्हा वाडीच्या नावाची पाटी त्यानेच रंगवून फाट्यावर लावली.

काकी गेली ती माघात. सुतक फिटलं आणि मागोमाग शिमगा आला. यंदा वाडीत पालखी नको, असं काहींना वाटत होतं. सुनील म्हणाला, आईने आयुष्यभर जे दार उघडलं ते मी बंद ठेवणार नाही. उतरत्या उन्हात खालूबाजा वाजवत पालखी साकवावरून आली. आम्ही आत दाटीवाटीने बसलो. पहिली हाक आली, दुसरी आली. तिसरीही आली... आणि कुणी हललंच नाही. कडी काढायची ती काकीने, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आम्ही सगळे तिच्या उठण्याची वाट बघत होतो. बाहेर वाजप थांबलं. मानकऱ्यांच्या ते ध्यानात आलं असावं. रिवाजात नसलेली चौथी हाक त्यांनी दिली, अगदी हळू. "सुनील, ये बाबा."

सुनील उठला. कडीवर हात ठेवून माझ्याकडे वळला. "बाळू, इतकी वर्षं आपण सोंग करत होतो रे," तो म्हणाला. "आज मी देवीवर खरोखरचा रुसलोय."

बाहेर देवी थांबून होती. मग त्याने दार उघडलं.