बांधावरचा ऐन

लढाईच्या दिवसांत मुरबाडजवळ भातगिरणीसाठी घेतलेल्या माझ्या माळावर एक लाकूडतोड्या झाडं पाडायला यायचा. काहीही विचारलं की आधी कुऱ्हाडीच्या धारेवरून अंगठा फिरवायचा आणि मग एवढंच म्हणायचा, "बगू."

खुंट उपटायला बैल लावायचे की मुंबईहून तारेने ओढणारं लोखंडी यंत्र आणायचं, याचा हिशेब मी महिनाभर मांडला. किंमत धरली, वाहतूक धरली, वंगणसुद्धा धरलं. पत्रकातलं यंत्राचं चित्र त्याला कौतुकाने दाखवलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बगू."

पुढे सगळी झाडं पडली, पण बांधावरचा एक ऐन त्याने तसाच ठेवला. मी आठ दिवस त्याला आळशी म्हणून बोललो. तो अंगठा फिरवत राहिला.

शेवटी चार बैलजोड्यांनी यंत्र माळावर आणलं. तार खुंटाला बांधून यंत्र फिरवायला घेतलं, तर खुंट जागचा हलेना. यंत्रच घसरत खुंटाकडे निघालं.

"मागून कशाला तरी बांदाया पायजे," तो म्हणाला आणि दोर घेऊन ऐनाकडे चालू लागला.

"तुला रे कसं ठाऊक?"

"चित्रात मागं झाड हाय ना, शेट."

ते झाड मी शोभेचं समजलो होतो.