समोर काही नव्हतं

मरोळच्या गावठाणात लेस्टरच्या घरासमोर एक काळी जर्मन गाडी उभी असते. तिच्यात पाचशेच्या वर घोड्यांची ताकद आहे, असं तिच्या पुस्तिकेत लिहिलंय. गावठाणाच्या आठवणीत इथे घोडा एकदाच आला होता, एका वरातीत, आणि तो क्रुसाजवळच्या वळणावर अडला तो अडलाच. नवरदेव उतरून चालत गेला. गाडी ते वळण घेते, पण आरसे मिटून, आणि कोपऱ्यावरच्या घरानं चपलांचा स्टँड आत घेतला असेल तरच.

लेस्टर साठी ओलांडलेला. आयुष्यभर विमानतळावर होता, विमानाच्या पोटात सामान चढवणाऱ्या टोळीवर सुपरवायझर. सामानाच्या गाड्यांची माळ लावलेला ट्रॅक्टर विमानाच्या पंखाखालून नेताना त्याने कधी एक ओरखडा येऊ दिला नाही. ही त्याची एकमेव बढाई, आणि ती तो कुणी न विचारताही सांगतो.

गाडी खरं तर मुलाची. इयान मालवाहू जहाजावर अधिकारी आहे, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. सुट्टीत आला, गाडी घेतली, आणि बापाच्या हवाली करून पुन्हा जहाजावर गेला. जाताना सगळं समजावून गेला. चावी नाही, लेस्टरचा फोन हीच चावी. मनगटावर घड्याळ, ते नाडी मोजतं. गाडीच्या नाकावरच्या गुळगुळीत काळ्या चकतीवर बोट टेकवून म्हणाला, "ह्याच्या मागे रडार हाय, डॅडी. समोर काय आलं तर तू दाबायच्या आधी गाडीच ब्रेक मारते. तुला टेन्शन नाय." आणि गाडीनं कुठेही जोरात ब्रेक मारला की इयानच्या फोनवर निरोप जातो, तो भूमध्य समुद्रात असला तरी. लेस्टरला तेव्हा ही सोय वाटली.

व्हॅलेन्सियानं, म्हणजे लेस्टरच्या बायकोनं, आपल्या परीनं एक सोय केली. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादित झावळीच्या पाती घरी आणतात, त्यांचे छोटे क्रूस वळतात, एक घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, एक दारावर. त्या वर्षी तिनं तिसरा वळला, त्याला मोतमाउलीचा धातूचा बिल्ला तारेनं बांधला, आणि तो गाडीच्या नाकावर लावला, बरोबर मध्ये. देवाची वस्तू कडेला लावत नाहीत.

"आमच्यात लिंबू-मिरची लावतात," शेजारचा भाऊ म्हणाला. भाऊ विमा कचेरीतून निवृत्त झालेला, लेस्टरचा शाळेपासूनचा दोस्त.

"ती सुकते," व्हॅलेन्सिया म्हणाली.

ईस्टरनंतर थोड्याच दिवसांत लेस्टर भाऊला त्याच्या मुलीकडे बोरिवलीला सोडायला निघाला. गोरेगाव ओलांडलं, हायवे जरा मोकळा झाला, लेस्टरनं पाय दाबला आणि पाचशेतले काही घोडे जागे झाले. एवढ्यात काचेखाली लाल दिवा पेटला, गाडी किंचाळली आणि जागच्या जागी बसली. भाऊचा फोन हातातून उडून पायाशी गेला. मागून आलेला टेम्पो कसाबसा बाजू काढून, आईवरून काहीतरी बोलत पुढे गेला.

"काय होतं रे?"

"काय नव्हतं."

"मग थांबलास कशाला?"

"मी नाय थांबलो. गाडी थांबली."

भाऊनं यावर विचार केला. "गाडी कशी थांबेल? बैल आहे का?"

"तू बघत होतास ना समोर?"

"मी फोन बघत होतो," भाऊ म्हणाला. एकुलता एक साक्षीदार असा निकामी झाला.

संध्याकाळी इयानचा फोन आला. "डॅडी, कोण आडवं आलं?"

"कोण नाय. रस्ता मोकळा होता."

"रेड वॉर्निंग आलीय म्हणजे समोर काहीतरी असणार. तुला दिसलं नसेल."

इथून पुढचे सगळे महिने या एका वाक्यात आहेत. गाडी म्हणे, होतं. लेस्टर म्हणे, नव्हतं. आणि या शहरात माणूस आणि मशीन यांच्यात मतभेद झाला तर लोक कुणाच्या बाजूनं उभे राहतात, ते लिफ्टमध्ये अडकलेल्याला विचारावं.

दुसऱ्यांदा व्हॅलेन्सिया शेजारी होती. तिची बहीण बोरिवलीला, रविवारचं जेवण तिथे. तिचं डोकं पुढे जाऊन परत सीटवर आपटलं. घरी आल्यावर तिनं गाडीच्या नाकावरच्या क्रुसाची तार घट्ट केली. तिसऱ्यांदा पाऊस होता, मागे बस होती, आणि बसच्या ड्रायव्हरनं खाली उतरून लेस्टरचा चेहरा नीट बघून घेतला. तार आणखी घट्ट झाली.

सर्व्हिस सेंटरला गाडी दोनदा गेली. तिथल्या रीतीप्रमाणे गाडी आत घेताना नाकावरची देवाची वस्तू एकानं अदबीनं काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीवर नंबर टाकला. मग गाडी धुतली, तपासली, हायवेवर पळवून आणली, आणि देताना ती वस्तू होती तिथे, होती तशी परत बांधली. ती तिथे काय करतेय, असं कुणी विचारलं नाही. आपल्याकडे देवाबद्दल असं विचारत नाहीत.

"गाडी ओके आहे, सर," काउंटरवरचा टाय लावलेला माणूस म्हणाला. "सिस्टीममध्ये नोंद आहे. प्रत्येक वेळी समोर ऑब्स्टॅकल होता."

"मना दिसला नाय."

"गाडीला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, सर. त्यासाठीच तर घेतो आपण."

लेस्टर घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. त्याच्या वडिलांना शेवटच्या वर्षांत माणसं दिसायची. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर बसलेल्या कुणाला तरी ते जेवायला थांबवायचे, आणि व्हॅलेन्सिया नवी नवरी असताना तिनं एकदा त्या खुर्चीपुढेही ताट वाढलं होतं. पपांना नसलेलं दिसायचं. आपल्याला असलेलं दिसत नाही. घराण्याचा रोग दुसऱ्या बाजूनं येतोय, असा हिशेब त्यानं मनात मांडला आणि कुणाला सांगितला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे चांगले असल्याचं सांगितलं. "डोळे ठीक असतील तर मग..." भाऊ म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

आता लेस्टर हायवेवर चढला की जोगेश्वरीपासून व्हॅलेन्सिया रोजरीची माळ काढायची. गोरेगाव जवळ आलं की घड्याळ मनगटावर थरथरायचं आणि त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं. तो घेतच होता. समोर बघून बघून डोळ्यांत पाणी यायचं, त्यानं रस्ता धूसर व्हायचा, आणि मग त्याला वाटायचं, हेच ते. एकदा दूर रस्त्यावर काहीतरी काळं पडलेलं दिसलं म्हणून त्यानं स्वतःच ब्रेक मारला. सावली होती, वरच्या पाटीची. त्या दिवशी गाडी काही बोलली नाही.

फेब्रुवारीत इयान सुट्टीवर आला. जेवताना त्यानं विषय काढला, आणि माशाचं कालवण संपेपर्यंत त्याचा आवाज एकदाही चढला नाही. त्यामुळे ते जास्त वाईट झालं.

"डॅडी, कार अजिबात मोठी गोष्ट नाय. तू आणि ममा महत्त्वाचे. तुझ्या फोनमधून मी की काढून टाकतो. ड्रायव्हर ठेवू."

"मी विमानाच्या पंखाखालून..."

"माहीत हाय. तेव्हा तू चाळीसचा होतास."

व्हॅलेन्सिया म्हणाली, "एकदा त्याच्याबरोबर बस तरी."

ठरलं असं: येत्या रविवारी चर्चमधली मिसा झाली की बोरिवलीला जायचं. गाडी लेस्टर चालवणार, इयान शेजारी बसून फक्त बघणार. मग निर्णय.

तो राखेच्या बुधवाराआधीचा रविवार होता. गेल्या वर्षीचे झावळीचे क्रूस त्या दिवशी चर्चमध्ये परत करायचे असतात. ते जाळून त्यांचीच राख बुधवारी कपाळाला लागते. व्हॅलेन्सियानं सकाळी आल्तारावरचा, दारावरचा आणि गाडीवरचा क्रूस काढून पिशवीत घातला, आणि नेहमीप्रमाणे पिशवी टेबलावर विसरून चर्चला गेली.

मिसेनंतर लेस्टर हायवेला लागला. इयान शेजारी, हात मांडीवर, जहाजावर बसतात तसा ताठ. मागे व्हॅलेन्सियाची रोजरी. गोरेगाव आलं. घड्याळानं श्वास घ्यायला सांगितलं. गोरेगाव गेलं. बोरिवली आली. जेवण झालं. परत आले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली-आली, लाल दिव्याचं नाव नाही.

घरासमोर थांबल्यावर लेस्टर म्हणाला, "बग."

"बघितलं," इयान म्हणाला. "सेन्सर खराब असता तर आजपण लागला असता ना? आज समोर खरंच काय नव्हतं, म्हणून नाय लागला. म्हणजे आधी लागला तेव्हा होतं. डॅडी, मी शिपवर हेच शिकलोय. डोळा चुकतो, रडार नाय चुकत."

यात चूक काढायला जागा नव्हती. लेस्टर इतका नीट पास झाला होता की त्यामुळेच नापास झाला.

घरात येऊन तो टेबलाशी बसला. समोर पिशवी होती. चाळा म्हणून त्यानं आतला एक क्रूस काढला. पाती काळीकुट्ट, बिल्ल्याच्या कडेला पोचे, जणू कुणी तो महिनोन् महिने कशावर तरी वाजवत होतं.

"हा कुठला?"

"गाडीच्या नाकावरचा," आतून व्हॅलेन्सिया म्हणाली. "तुला माहीत नाय?"

माहीत होतं. रोज बघत होता. दारावरचा बघतो तसा, म्हणजे न बघता. तो उठून बाहेर गेला आणि गाडीपुढे उकिडवा बसला. गुळगुळीत काळ्या चकतीवर धुळीत क्रुसाचा स्वच्छ ठसा होता, आणि मध्ये बिल्ल्यानं झिजवलेला चकचकीत ठिपका. तिथेच इयाननं बोट टेकवलं होतं.

तो पुन्हा आत आला. "ही पिशवी मी टाकतो चर्चमध्ये," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं इयानला उठवलं. "एक फेरी. तू चालव. मग चावी काढ."

"कशाला पण?"

"बापाचं ऐकायला कारण लागतं?"

वळणापलीकडे हवा भरायच्या निमित्तानं त्यानं गाडी थांबवायला लावली, पिशवी घेऊन उतरला, पुढे जाऊन वाकला, परत येऊन बसला. इयान फोन बघत होता.

हायवेवर लेस्टर पुढे बघतच नव्हता. तो सीटवर वळून मागच्या काचेतून बघत होता. "हळू घे, टेम्पो जाऊ दे." टेम्पो गेला. "अजून हळू. ती बस जाऊ दे." घड्याळ थरथरलं, त्यानं ते मनगटावरून काढून खिशात टाकलं. आपण पोटच्या पोराला कशात घालतोय, हे त्याला नीट कळत होतं. एकदा त्यानं तोंडही उघडलं, सांगून टाकायला. मग त्याला काउंटरवरचा टायवाला आठवला. सांगितलेलं कुणी मानत नाही. आता मागे लांबवर कुणी नव्हतं.

"आता जा," तो म्हणाला.

इयाननं पाय दाबला. गोरेगाव मागे पडलं. काही झालं नाही, आणि लेस्टरला वाटलं, हेही आपल्या डोक्यातलंच. तेवढ्यात लाल दिवा पेटला, गाडी किंचाळली, पट्ट्यांनी दोघांना आवळून धरलं.

इयान काचेपर्यंत वाकून रस्ता बघत होता.

"समोर काही नव्हतं," तो म्हणाला.

लेस्टरनं खिशातलं घड्याळ काढून परत मनगटावर बांधलं.

"डॅडी, तू बघितलंस ना? रस्ता एम्प्टी होता. काही नव्हतं."

"गाडीला दिसतं ते आपल्याला दिसत नाय," लेस्टर म्हणाला. "कडेला घे."

कडेला इयान गाडीच्या नाकापुढे वाकला. बोटानं बिल्ला हलवला, वेगात वारा हलवील तसा. तो टिकटिकला.

"शिपवर रडारसमोर कुणी नुसता पत्रा ठेवला तर मी त्याला..." त्यानं तारेची गाठ बघितली. "हे कुणी लावलं?"

"तुझ्या आईनं."

"कशाला?"

"आपल्याला काय होऊ नये म्हणून."

इयान कठड्यावर बसला. लेस्टरनं तार सोडवली, क्रूस पिशवीत घातला, बिल्ला शर्टाच्या खिशात. बिल्ला जाळायला देत नाहीत.

"ममाला सांगावं लागेल," इयान म्हणाला. "नाय तर झावळ्यांच्या रविवारी ती नवीन लावेल."

"मी बघतो."

परत येताना लेस्टरनं चालवली. इयाननं विचारलं नाही, लेस्टरनं मागितली नाही. तो फक्त गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला आणि इयान दुसऱ्या बाजूला गेला.

बुधवारी संध्याकाळी तिघांच्या कपाळावर राख होती. चर्चमधून निघताना व्हॅलेन्सिया गाडीपुढे थांबली. मोकळ्या नाकाकडे बघून तिला बरं वाटेना. "यंदा मोठा वळते," ती म्हणाली. "दोन बिल्ले लावते."

इयाननं बापाकडे बघितलं.

"आत लाव," लेस्टर म्हणाला. "बाहेर देवावर सगळी हायवेची धूळ बसते. बरं दिसत नाय."

व्हॅलेन्सियाला ते लगेच पटलं. इतकी वर्षं आपल्याला हे कसं सुचलं नाही, याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

गाडी क्रुसाजवळच्या वळणावर आली. लेस्टरनं आरसे मिटले. कोपऱ्यावर भाऊ उभा होता. त्यानं चपलांचा स्टँड पायानं आत ढकलला आणि काचेशी वाकला.

"काय रे, काय निघालं शेवटी?"

"धूळ," लेस्टर म्हणाला.

"तरी मी म्हणतच होतो," भाऊ म्हणाला.