पाटाचा मोडी कागद

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या तुळजारामरावांनी उभा जन्म कचेरीत मोडी कागद वाचण्यात घालवला आणि निवृत्तीनंतरची चार वर्षं कोर्टाचे कागद वाचण्यात. या दुसऱ्या कामाने त्यांचं डोकं पार उठवलं.

भांडण एवढंसंच. ओरत्तनाडूजवळ त्यांची चाळीस नारळांची बाग. तिचा पाट शेजारच्या रानाच्या मालकाने, गल्लीतल्याच शेषगिरीने, मुरूम टाकून बुजवला आणि वर म्हणाला, इथे पाट नव्हताच. नारळाचे शेंडे सुकू लागले. तहसीलदार ढिम्म. मग तुळजारामरावांनी थेट मदुरैला हायकोर्टात रिट लावली. पाटाचा हक्क सांगणारा पणजोबांचा मोडी कागद जोडला, तोही भाषांतराशिवाय. एवढं ठळक अक्षर कोणीही वाचेल, असं त्यांना खरंच वाटत होतं!

निकाल आला: तहसीलदाराने अर्जाचा बारा आठवड्यांत विचार करावा. तुळजारामरावांनी गल्लीभर केसरी, म्हणजे केशरी शिरा, वाटली. तहसीलदाराने विचार केला आणि अर्ज फेटाळला.

अपील केलं. दोन न्यायाधीश गोड बोलले. पाट होता की नव्हता, हे साक्षीपुरावे घेऊन ठरवावं लागेल. रिटमध्ये ते ठरवता येत नाही, अपिलातही नाही. दिवाणी कोर्टात जा.

"कलेक्टराला हात जोडून उभं करतात, अन् माझ्या पाटांतली माती काढायाला हुकूम नाहीं?" तुळजारामराव वकिलावर कडाडले.

"अधिकारी चुकला तर कान धरतील, मामा," कल्याणराम वकील म्हणाला. "खरंखोटं पाहाणं खालच्या कोर्टाचं काम."

"हे अस्कं आधी सांगायाला काय झालं होतं?"

"सांगितलों होतों. तुम्ही ऐकलं नाहीं."

ते खरं होतं, म्हणून त्यांचा पारा आणखीच चढला.

"सरी, बरं, दिवाणी दावा लावा."

"कागद कोण वाचणार?"

"मी!"

"तुम्ही वादी. तुमचं वाचन धरायाचे नाहींत. कचेरींतलं कोण?"

"माझी जागा भरलीच नाहीं. अन् आपलं तंजावरी वळण पुण्याच्या मोडीवाल्यांना लागत नाहीं."

"मग दुसरं कोणी?"

वीस वर्षांपूर्वी, ही लिपी आपल्याबरोबर चितेवर जाऊ नये म्हणून तुळजारामरावांनी ओसरीवर फुकट वर्ग काढला होता. आठवड्यात सगळे पळाले. एकच जण तीन वर्षं टिकला.

"एक आहे," ते पुटपुटले. "शेषगिरी."

वकिलाने पेन खाली ठेवलं.

"बोलवा त्याला साक्षीला!" तुळजारामराव ओरडले. "मी शिकवलों आहे. एक अक्षर खोटं वाचला तर मला तत्क्षणीं कळतं."

"तुम्हाला कळेल, मामा," वकील हळूच म्हणाला. "कोर्टाला कोण सांगेल?"